जेट स्की तापली तर: पाणी कुठे अडलं ते शोधत जा

बजर वाजायला लागला, पडद्यावर तापमानाची खूण लुकलुकू लागली आणि थ्रॉटल दाबूनही स्की पळेना, तर थ्रॉटल सोडा आणि इंजिन बंद करा. ‘किनारा समोरच दिसतोय, तेवढं जाऊ या’ असं मनात येतंच. ऐकू नका. इंजिनातून निघणारा धूर ज्या रबरी नळीतून बाहेर जातो, ती नळी आतल्या पाण्यामुळेच थंड राहते. पाणी थांबलं की ती वितळायला फार वेळ लागत नाही. आणि तिला एकदा भोक पडलं की तीच नळी गरम धूर आणि समुद्राचं पाणी स्कीच्या पोटात ओतते. मग प्रश्न इंजिनाचा राहत नाही, स्की तरंगत ठेवण्याचा होतो.

एकच अपवाद. तुम्ही लाटा फुटतात त्या पट्ट्यात असाल, खडकाकडे वाहत चालला असाल किंवा समोरून मोठी होडी येत असेल, तर इंजिनाचा विचार करू नका. अगदी हळू, पण चालू ठेवून आधी धोक्यातून बाहेर या. इंजिन दुसरं मिळतं.

मी मालवण तालुक्यात तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात काम करतो. इथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. सीझनला सकाळपासून संध्याकाळपर्यंत जेट स्की, बनाना, बंपर चालू असतात. दर वर्षी नवी मुलं कामाला येतात, आणि आता हौसेने स्वतःची स्की घेणारेही वाढलेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. तापलेली स्की समोर आली की नवा माणूस सीट काढून थेट इंजिनात हात घालतो. मी म्हणतो, आधी खाली वाकून पोटाखाली बघा. इंजिन स्वतःहून बिघडून तापल्याच्या केसेस माझ्यापुढे फार थोड्या आल्या. बाकी सगळ्यांमध्ये पाण्याची वाट कुठेतरी अडलेली होती.

पाणी जातं कुठून

हे नीट कळलं की अर्धी दुरुस्ती झाली.

‘जेट स्की’ हे खरं तर कावासाकीच्या मशीनचं नाव, पण आपण यामाहाच्या वेव्हरनरला आणि सी-डूलाही जेट स्कीच म्हणतो. चालण्याची रीत तिन्हींची एकच आहे. पोटाखाली जाळी असते, तिथून पाणी आत येतं. आत इम्पेलर, म्हणजे पात्यांचा पंखा, फिरत असतो, तो ते पाणी मागच्या तोंडातून जोरात फेकतो आणि स्की पुढे जाते.

फरक इंजिन थंड करण्यात आहे. यामाहा आणि कावासाकीत याच पंपातलं थोडं पाणी एका नळीने वर इंजिनाकडे जातं, एक्झॉस्ट (धूर बाहेर जाण्याची वाट) आणि ब्लॉक (इंजिनाचा मुख्य धातूचा भाग) थंड करून परत समुद्रात पडतं. त्यासाठी वेगळा पंप नाही. इम्पेलर जितका जोरात फिरेल तितका दाब. या वाटेतला थोडा भाग बाजूच्या एका बारीक भोकातून पिचकारीसारखा बाहेर येतो. ती धार म्हणजे इंजिनाची नाडी समजा. स्की पाण्यात उतरवली, इंजिन चालू केलं की मान वळवून धार बघायची सवय लावून घ्या. धार रोज किती जोरात असते हे डोळ्यांना माहीत असेल, तर ती बारीक झाल्याचं बजरच्या कितीतरी आधी कळेल.

सी-डूच्या चार-स्ट्रोक स्कीमध्ये इंजिनाला गाडीसारखं बंद कूलंट, म्हणजे आतल्या आत फिरणारा गार ठेवणारा द्रव, असतं. ते कूलंट पोटाखाली मागच्या बाजूला असलेल्या धातूच्या पट्टीतून, म्हणजे राइड प्लेटमधून फिरतं आणि समुद्राच्या पाण्याने बाहेरून थंड होतं. खारं पाणी ब्लॉकमध्ये जात नाही, हा मोठा फायदा. पण एक्झॉस्ट मात्र तिथेही समुद्राच्याच पाण्याने थंड होतो. म्हणून ‘माझी सी-डू आहे, मला जाळीची काळजी नाही’ हे चुकीचं आहे.

पाण्यात असतानाच काय करायचं

इंजिन बंद केल्यावर मनगटाला लावलेली किल-कॉर्ड, म्हणजे जी काढली की इंजिन चालूच होत नाही ती दोरी, स्कीवरून काढा. ती काढल्याशिवाय जाळीकडे हात न्यायचा नाही. ‘बंदच तर आहे’ म्हणून बोटं आत घालणाऱ्याची बोटं इम्पेलरच्या पात्यात जायला एक चुकून दाबलेलं बटण पुरतं. लाइफ जॅकेट अंगावरच हवं. मदतीसाठी हात वर करून किनाऱ्याला खूण करा.

मग स्कीवर बसल्या बसल्या ती दोन्ही बाजूंना चांगली हलवा. प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ नुसतं जाळीला चिकटलेलं असेल तर तेवढ्याने सुटून खाली पडतं. रिव्हर्सने कचरा सुटेल असं मात्र धरू नका: यामाहाची राइड किंवा सी-डूची आयबीआर ही रिव्हर्सची यंत्रणा इम्पेलर उलटा फिरवत नाही, मागच्या धारेची फक्त दिशा बदलते. पाच-दहा मिनिटं थांबून इंजिन परत चालू करा. बजर गेला, धार आली, तर हळूहळू किनाऱ्याला या. बजर तसाच असेल तर परत बंद करा आणि ओढून न्यायला सांगा.

ओढण्याबद्दल दोन गोष्टी, कारण इथे चांगली स्की खराब होताना मी पाहिली आहे. बंद इंजिनाची स्की जोरात ओढली की पंपातून पाणी दाबाने वर चढतं, एक्झॉस्ट भरतो आणि शेवटी पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून ताशी ८ किलोमीटरच्या वर ओढू नका, म्हणजे माणूस किनाऱ्याने हळू धावेल इतक्याच वेगाने. लांबून आणायची असेल तर पंपाकडून इंजिनाला जाणारी नळी चिमट्याने दाबून धरतात. तो चिमटा काढायला विसरू नका. दोन सीझनमागे एक स्की आमच्याकडे सकाळी आली, ‘काल ओढून आणली, आज चालू केली की मिनिटात तापते’ म्हणून. मुलांनी थर्मोस्टॅटपर्यंत (तापल्यावर उघडणाऱ्या पाण्याच्या झडपेपर्यंत) सगळं उघडलं होतं. मी टॉर्च घेऊन नळीवरून बोट फिरवत गेलो, तर सीटखाली अंधारात पिवळा चिमटा तसाच. त्या दिवसापासून आमच्याकडे चिमट्याला एक लांब फडकं बांधलेलं असतं आणि ते हँडलवर आणून अडकवतात. हँडल धरायला जाणाऱ्याच्या हाताला ते लागतंच.

आधी विचारा: कधी तापली?

किनाऱ्यावर आल्यावर पाना हातात घेण्याआधी चालवणाऱ्याला नीट विचारा. उत्तरावरून जागा कळते.

वेग असताना तापली आणि त्याच वेळी इंजिनाचा आवाज चढला पण स्की पुढे जाईना, असं असेल तर इम्पेलरला पाणी मिळत नाहीये. जाळीत किंवा शाफ्टला, म्हणजे इम्पेलर फिरवणाऱ्या दांड्याला, काहीतरी गुंडाळलंय, नाहीतर इम्पेलर आणि त्याच्या भोवतीच्या रिंगमधली फट वाढलीय.

स्की छान पळते, ओढ पूर्ण आहे, तरी तापते: मग पंप ठीक आहे. पंपापासून इंजिनापर्यंतची नळी, चाळणी किंवा आतली वाट बंद आहे.

संथ चालताना तापते आणि वेग दिला की तापमान उतरतं, हे मला सगळ्यात जास्त फसवं वाटतं, कारण चालवणारा म्हणतो ‘जोरात चालवली की बरी होते’. वाट अर्धवट बंद असते. कमी फेऱ्यांत दाब कमी म्हणून पाणी पोचत नाही, जोर दिला की ढकललं जातं. असं मशीन पर्यटकांना फिरवायला देऊ नका, पुढच्या आठवड्यात ते पूर्ण बंद होणार.

चावी फिरवताच, इंजिन गार असतानाच बजर वाजला, तर इंजिन तापलेलंच नाही. सेन्सर किंवा त्याची वायर बघा. खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात.

रबर जळल्याचा वास आला, तर बाकी काहीही असो, एक्झॉस्टच्या नळ्या हात फिरवून तपासल्याशिवाय ती स्की परत पाण्यात घालायची नाही.

पोटाखाली बघा

स्की ट्रॉलीवर घ्या. किल-कॉर्ड काढलेली आहे ना, परत बघा. सीट उघडून ठेवा, पेट्रोलचा वास कोंडलेला असेल तर जाऊ द्या. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका आणि लगेच नळाची नळीही जोडू नका. धातूला एकदम गार पाणी लागलं की तडा जाण्याची भीती असते. ब्लॉकवर हात ठेवता येईल इतकं निवू द्या. तोवर खाली काम आहेच.

टॉर्च लावून जाळी बघा. मग मागच्या तोंडातूनही आत बघा, दोन्हीकडून. पिशवी, शेवाळ, चपलेचा पट्टा, नारळाचा काथ्या हे लगेच दिसतं. दिसत नाही ते तंगूस. मासेमारीच्या जाळ्याचा तो पारदर्शक नायलॉन दोरा इम्पेलरच्या पुढे शाफ्टला गुंडाळतो आणि घासून इतका तापतो की वितळून एकजीव होतो. बाहेरून पाहिलं तर शाफ्टवर एखादी मळकट बांगडी बसवल्यासारखी दिसते, आणि नवशिक्याला वाटतं की तो मशीनचाच भाग आहे. नखाने खरवडून बघा. नायलॉन असेल तर नख घसरतं आणि कडेला एखादा तुटका धागा हाताला टोचतो. ते सोडवायला वाकड्या टोकाची पातळ सुरी लागते. शाफ्टच्या लांबीला समांतर काप द्या, गोल फिरवून कापू नका, नाहीतर शाफ्टवर चर पडतो. काम वेळखाऊ आहे, पाऊण तास सहज जातो. ओढून तोडायचा प्रयत्न केलात तर अर्धी बांगडी आत सीलच्या बाजूला सरकते, आणि तिथून ती पंप काढल्याशिवाय निघत नाही.

जाळी मोकळी असेल तर इम्पेलरची पाती बघा. कडा वाळूने झिजून बोथट झाल्यात का, दगड लागून दुमडल्यात का. पात्याच्या टोकात आणि भोवतीच्या रिंगमध्ये फट अगदी कमी हवी. काडेपेटीतली काडी त्या फटीत शिरली, तर रिंग गेली असं समजा. सी-डूत ही रिंग प्लास्टिकची असते, झिजण्यासाठीच बसवलेली, आणि बदलायला सोपी. फट वाढली की पंपात दाब टिकत नाही. स्की संथ होते आणि इंजिनाचं पाणीही कमी होतं. दोन्ही तक्रारी एकत्र आल्या की इकडेच बघायचं.

वाळू हे आमच्या पट्ट्यातलं सगळ्यात मोठं कारण. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला पाणी गुडघाभर राहतं, तरी मुलं तिथूनच थ्रॉटल देतात. यामाहाच्या पुस्तकात स्कीच्या तळाखाली निदान ६० सेंटिमीटर पाणी हवं असं सांगितलंय, सी-डूच्या पुस्तकात ९० सेंटिमीटर. मी दोन्हींना ९०च सांगतो, म्हणजे कमरेएवढ्या पाण्यापर्यंत स्की हाताने ढकलत न्यायची आणि मगच चालू करायची. परत येतानाही तेच. इंजिन चालू ठेवून पुळणीवर चढवणारा माणूस दर फेरीला मूठभर वाळू पंपात भरत असतो.

चाळणी, नळी आणि धारेचं भोक

पंपाकडून पाणी वर जाण्याच्या जागी बऱ्याच यामाहांमध्ये एक छोटी चाळणी असते. तिच्यात बारीक शिंपले आणि खडे अडकतात. काढा, जुन्या दातांच्या ब्रशने घासा, परत बसवा.

मग नळी. सीटखाली टॉर्च घेऊन पंपापासून इंजिनापर्यंत तिच्यावरून बोटं फिरवत जा. कुठे दबली आहे का, पिळली आहे का, क्लिपपाशी चिरली आहे का. जुनी नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून तिचा थर सुटून पडद्यासारखा आडवा येतो. दोन्ही टोकं सोडवून एका टोकाने फुंकर मारा, दुसऱ्या टोकाला हवा मोकळी यायला हवी. पाण्याने तपासायची असेल तर दोन्ही टोकं सुटलेलीच हवीत. इंजिन बंद असताना इंजिनाच्या बाजूला पाणी सोडायचं नाही, कारण पुढच्या टप्प्यात सांगतो.

धारेचं भोक तारेने नाही, मऊ प्लास्टिकच्या काडीने साफ करा. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात तापलेली स्की आली की मी सगळ्यात आधी हे भोक बघतो. जलक्रीडा बंद असते त्या महिन्यांत मशिनं शेडमध्ये उभी असतात आणि कुंभारीण माशीला असं बोटाएवढं भोक फार आवडतं. ती मातीचे गोळे आणून ते लिंपून टाकते. वाळलेली माती प्लास्टरसारखी टणक होते. पाण्याने भिजवून, काडीने टोकरून काढावी लागते. आतमध्ये तिने ठेवलेले कोळी निघतात. हे भोक बुजलं म्हणून इंजिन लगेच तापेलच असं नाही, पण धार दिसत नसली की खरा बिघाड कधी झाला हे कळायचा मार्गच जातो.

नळाच्या पाण्याने धुणं: क्रम चुकवू नका

ही पायरी तपासणीही आहे आणि उपायही. इथेच नवशिके इंजिन मारतात, म्हणून सावकाश वाचा.

फ्लशिंगच्या, म्हणजे इंजिन आतून धुण्याच्या, तोंडाला नळी जोडा. नळ अजून बंद. आधी इंजिन चालू करा, मग लगेच नळ सोडा. बंद करताना उलट: आधी नळ बंद, मग काही सेकंदांत इंजिन बंद. चालू करताना इंजिन पहिलं, थांबवताना पाणी पहिलं.

का? इंजिन चालू असताना धुराचा दाब पाण्याला बाहेर ढकलत असतो. इंजिन बंद असताना नळ सोडलात तर ढकलणारं कोणी नाही. पाणी एक्झॉस्टच्या डब्यात साठतं, वर चढतं आणि सिलिंडरमध्ये उतरतं. मग स्टार्टर मारला की पिस्टनला पाणी दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. शेवटी नळ बंद केल्यावर थ्रॉटलला दोन-तीन हलके झटके दिले की डब्यात उरलेलं पाणीही बाहेर पडतं.

पाण्याशिवाय इंजिन जमिनीवर १५ सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. पाणी लावून यामाहा तीनेक मिनिटं संथ चालवली तरी पुरे. सी-डूला दोन मिनिटांच्या वर नेऊ नका, तिच्या शाफ्टवरची कार्बन रिंग (पाणी आत येऊ न देणारं सील) समुद्राच्या पाण्यानेच गार राहते आणि जमिनीवर तिला ते मिळत नाही. हे सगळं उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इंजिन चालू असताना आता मागून आणि बाजूच्या भोकातून येणारं पाणी बघा. एकसारखं, जोरात आणि कोमट येत असेल तर वाट मोकळी आहे. थेंब-थेंब येतंय आणि वाफ निघतेय, तर लगेच थांबवा, आत मीठ किंवा वाळू जमली आहे. सुरुवातीला गढूळ येऊन मग स्वच्छ झालं, तर वाळूच होती. एक-दोनदा आणखी धुवा.

मीठ जमलं असेल तर नुसत्या पाण्याने निघत नाही. खारं पाणी आत राहून वाळतं, त्याचा थर चढत जातो, आणि तापलेल्या जागी चुन्यासारखा पांढरा घट्ट थर बसतो. त्यासाठी मीठ विरघळवणारी तयार औषधं मिळतात. काही जण साधं व्हिनेगर वापरतात. त्याने थर सुटतो, पण ॲल्युमिनियमला ते रात्रभर लावून ठेवणं बरं नाही. थोडा वेळ ठेवा आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवा. पहिल्या वेळी हे जाणत्या माणसाबरोबर करा.

आणि पाणी चाखून बघा. किनाऱ्याजवळच्या विहिरी मार्च-एप्रिलनंतर मचूळ होतात. रोज प्रामाणिकपणे धुणाऱ्या एका घरच्या स्कीमध्ये मिठाचे थर कसे, हे मला पुष्कळ दिवस कळेना. त्यांच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तेव्हा कळलं. तेव्हापासून उन्हाळ्यात ते टँकरचं पाणी एका पिंपात वेगळं ठेवतात आणि छोट्या मोटरने धुतात.

सी-डू असेल तर आणखी थोडं

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कूलंटचं झाकण उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं कूलंट तोंडावर येतं. पातळी खुणेपर्यंत आहे का बघा. कमी असेल तर नुसतं भरून मोकळं होऊ नका, ते गेलं कुठे ते शोधा: नळीचे सांधे, वॉटर पंपखालचं गळतीचं भोक, राइड प्लेट. राइड प्लेट दगडावर घासून चिरली किंवा तिच्यावर शिंपल्यांचा थर चढला, तरी कूलंट गार होत नाही. शिंपले लाकडी पट्टीने खरवडा, छिन्नीने नाही. कंपनीने सांगितलेलंच कूलंट भरा. नळाचं पाणी तर मुळीच नको. भरल्यावर आत हवा अडकते, ती काढावी लागते. हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी बरोबर दिसूनही इंजिन तापतं.

एवढं करूनही तापत असेल

आता इंजिनाकडे. ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट मिसळलंय. त्या स्कीला स्टार्टरसुद्धा मारू नका, मेकॅनिककडे न्या. हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेलेला असू शकतो. किंवा स्की उलटल्यावर चुकीच्या बाजूने सरळ केलेली असेल. मागच्या बाजूला बाणाचं स्टिकर असतं, त्याच दिशेने सरळ करायची असते. ते स्टिकर निघालं असेल तर रंगाने बाण काढून ठेवा.

तुमच्या मॉडेलमध्ये थर्मोस्टॅट असेल तर तो काढून पातेल्यात पाणी तापवून त्यात बुडवा. पाणी चांगलं तापल्यावर तो उघडताना दिसायला हवा. उकळी आली तरी मिटलेलाच असेल तर बदला. ‘काढूनच टाकू, थंड राहील’ असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. इंजिनाला ठरावीक उष्णता लागते. सतत गार चालणाऱ्या इंजिनात ऑइलमध्ये ओल धरते.

तापमान मोजायला लांबून मारायचा तापमापक उपयोगी पडतो. कोविडच्या काळात कपाळावर धरायचे ते चालत नाहीत, ते माणसाच्या तापापुरतेच मोजतात. वर्कशॉपवाला घ्या. एका सिलिंडरजवळ आणि दुसऱ्याजवळ खूप फरक दिसला तर आतली वाट एका बाजूने बंद आहे. ते उघडायचं काम शिकलेल्या माणसाचं. जुन्या टू-स्ट्रोक स्कीबाबत तर मी आणखी घाई करायला सांगेन. एकदा जोरात तापलेली टू-स्ट्रोक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासल्याशिवाय चालवायचीच नाही, पिस्टन आधीच ओरखडलेला असतो.

सीझन संपताना

शेवटच्या दिवशी गोड्या पाण्याने नेहमीपेक्षा नीट धुवा, एक्झॉस्टमधलं पाणी काढा. पोटाखाली मशीनऐवजी स्वतः गंजणारी जस्ताची पट्टी असेल तर बघा, अर्धी खाल्ली गेली असेल तर नवी लावा. सीट थोडी उचलून ठेवा, आत हवा खेळू द्या, पण उंदीर जाणार नाही एवढीच फट. उंदीर पाण्याच्या नळ्याही कुरतडतात.

बाजूच्या भोकात आणि मागच्या तोंडात चिंध्या कोंबा, कुंभारणीसाठी. चिंधी लाल किंवा भगवी घ्या आणि तिचं टोक हातभर बाहेर लोंबू द्या. आमच्याकडे सप्टेंबरात स्की बाहेर काढताना एक जण मोठ्याने चिंध्या मोजतो: दोन कोंबल्या होत्या, दोन निघाल्या. मगच चावी लागते.